गंजातलं बिस्कुट

...अन् मले सांगा, रेती कोनी तीनदा चाळते का? घर बांधाले चाळते मानूस, एकदा. पिलास्टरले चाळते, दोनदा, तवाबी मिस्त्री बोंबलते का कायले टाइम खाऊन राह्यले म्हनून. पन तुमाले सांगतो, ऐन पुसाच्या थंडीत, तोंड उघडलं का वाफ निघून राह्यली अशा सकाळी, हा टेकचंद, चार एकर धानाचा मालक, दोन लेकरांचा बाप, ग्रामपंचायतीचा माजी सदस्य... सपरीत, ओसरीत म्हना, उकिडवा बसून पिठाच्या चाळनीनं रेती चाळून राह्यला होता! एकदा नाई, दोनदा नाई, तीनदा! कायले? बिस्कुटं कराची होती! हौ जी, बिस्कुटं! हासून राह्यले ना? हासा. मीबी हासलो होतो. पहिल्या दिवशी.

अन् वरून घरवालीचं सुरूच, "अवो, खडा नोको राहाले बरं एकबी. खडा तापते वेगळा, रेती तापते वेगळी, मंग बिस्कुट एकाच बाजूनं जळते." आता हे हिले कोनी सांगतलं? कोनत्या कालेजात शिकली? सातवी पास बाई! पन चूक काढून दाखवा. अठरा वर्षं झाले लग्नाले, मी शोधूनच राह्यलो... म्हनजे एक सापडली, ते सांगतो पुढं, पन त्या चुकीतूनबी ती अशी निघाली का मानलं बाप्पा त्या बाईले!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाई त तुमी म्हनान हा कुठून सुरू झाला अन् कुठं चालला. आमचं गाव कोंढा, भंडारा जिल्ह्यात, पवनीजवळ. घरात मानसं पाच. मी, माझी बायको रीता, पोरगी स्वाती, ते बारावीत, पोरगा कुंदन, तो आठवीत, अन् सगळ्याइच्या वर आमची माय. निर्मलाबाई. वय चौऱ्याहत्तर, दात दोन. एक वर, एक खाली, तेबी समोरासमोर नाई. अन् मायचा नेम असा का घराच्या चुलीबाहेरचं काई तोंडात घालाचं नाई. लग्नाले गेली त पदरात भाकर बांधून. लाखांदूरले भाचीच्या बारशाले गेली त यष्टीत आपला तांब्या धरून. हाटेलचा चहा? नाई. दुकानातला चिवडा? नाई. अन् बिस्कुट? बिस्कुटाचं त नावच काढू नोका. "त्याच्यात अंडं असते." आता पुड्यावर हिरवा ठिपका असते, कुंदननं वाचून दाखवला. माय म्हने, "ठिपका त कोनीबी काढते."

रोज सकाळी सगळे चुलीभवती बसतेत, थंडी आमच्याकडे कशी ते तुमाले मालूम आहे, पोट्टे चहात बिस्कुट बुडवून बुडवून खातेत, अन् माय आपली नुसत्या चहाचा कप धरून बसते. मी बहुत वेळा पाह्यलं, कुंदनचं बिस्कुट चहात पडलं का माय त्या आवाजाकडे तोंड करे. आवाजाकडे म्हनतो मी, कारन दिसत नव्हतं ना तिले!

हौ, तेच त सांगाचं राह्यलं. मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यात! तीन वर्षं झाले होते. पहिले पहिले आमी हासलो. खुंटीवर माझा स्वेटर टांगला होता, त माय त्याले म्हने, "जेवला का रे टेकचंद?" स्वेटर काई बोलला नाई. त माय दिवसभर माझ्यावर रुसून! मी म्हनलं, माय, मी त वावरात होतो. ते म्हने, "खोटं नोको बोलू, समोर उभा राहून तोंड फिरवलं तू." घ्या!

पन मंग हासनं बंद झालं. एक दिवस माय चुलीजवळ बसली होती, अन् पदराचा काठ गेला इस्तवात. तिले दिसलाच नाई. पदर पेटून राह्यला अन् माय आपली रीताले विचारून राह्यली, "काय जळून राह्यलं वं? दूध उतू गेलं का?" रीता पानी भरून येऊन राह्यली होती, तिनं पान्याचा गुंड दारातच सोडला अन् धावत येऊन दोन्ही हातानं तो पदर चोळला. हातानं! तळहाताले हे येवढे फोड. मायले काई झालं नाई.  अन् रीता काय म्हने मले? हात पान्यात बुडवून बसली होती, म्हने, "ह्या थंडीत डोळे कराचेच. मंग मले काईबी करा लागो."

भंडाऱ्याच्या डाक्टरनंबी तेच सांगतलं होतं, "पिकला आहे पार. आनखी थांबाल त मंग मी काई सांगू शकत नाई." अन् माझा लहान भाऊ कैलाश, तो गोंदियाले राह्यते, त्यानं तिथल्या दवाखान्यात सगळं ठरवून ठेवलं. तारीख घेतली. मायले फोनवर सांगतलं. माय म्हने, "गोंदिया? गोंदिया त दुसरा जिल्हा आहे."

आता काय बोलता! कैलाश तिकडून, "अगं माय, भंडाऱ्यातून जिल्हा वेगळा झाला, गाडी तेच आहे!" माय म्हने, "नाई. जिल्हा एक होता तवा का नाई बोलावलं? आता मी आपला जिल्हा सोडून परजिल्ह्यात डोळा कापाले नाई येत." अहो, जिल्हा तुटला तवा हिले धड दिसत होतं! तवा कोनता डोळा कापाले बोलावनार होता तो? पन आयकते कोन!

तो मुद्दा रीतानं कसा मोडला पाहा. ते मायजवळ बसली अन् म्हने, "आई, तुमच्या नंदेची लेक देल्ली ते गाव आता कोनत्या जिल्ह्यात आहे?" माय म्हने, "गोंदियात." "मंग तिच्या बाळंतपनाले तुमी सव्वा महिना कुठं होत्या?"  मानलं बाप्पा त्या बाईले!

पन माय काई हार माननारी नाई. लगेच दुसरं काढलं, अन् ते मोठं होतं. म्हने, "मी तिथं खाऊ काय?" आता हे खरंच होतं जी. तीन दिवस दवाखान्यात, मंग पाच दिवस कैलाशच्या घरी, आठ दिवस. सकाळी उठल्याबरोबर गोळ्या, अन् गोळ्या उपाशी पोटी चालत नाई. दवाखान्यात सकाळी काय देतेत? चहा अन् ब्रेड. कैलाशकडे? त्याची बायको सुगरन आहे, पन त्याच्या घरच्या फ्रिजमध्ये अंड्याइले ठेवाले खास खड्डे आहेत, ते मायनं एकदा हातानं चाचपून पाह्यले होते. तवापासून तिथं पानीबी नाई पेत.

मी म्हनलं, लाडू बांधून दे. रीता म्हने, "लाडू फोडाले दात लागतेत." शंकरपाळे? "त्याले जास्त लागतेत." चिवडा? "हिरडीत रुतते." मंग? अन् तवा बाई म्हने, "आठ दिवस टिकन, चहात टाकलं का विरघळन, अन् घरी झालं असन. मी बिस्कुट करते."

बिस्कुट! घरी! आमच्या घरी भट्टी आहे का? ओव्हन आहे का? चूल आहे अन् गॅसची एक शेगडी आहे, तेबी पाहुने आले का पेटते! पन रीता गेली मायकडे अन् सांगतलं, "आई, मी बिस्कुट करते, घरच्या पिठाचे, घरच्या तुपाचे. ते त खाल ना?"

माय उलीशी हासली. तिले वाटलं हे काई होनार नाई. म्हने, "कर ना. माझ्या समोर कर, चुलीवर कर, अन् ज्या भांड्यात कधी अंडं शिजलं नाई त्या भांड्यात कर. मले आवडलं त मी गोंदियाले जाते. नाई आवडलं त मंग ह्या घरात डोळ्याचं नाव काढाचं नाई. कबूल?" अन् रीता म्हने, "कबूल." अहो, मले विचारलं बी नाई! मायचे डोळे एका बिस्कुटावर लावून मोकळ्या झाल्या दोघी! तारखेले अकरा दिवस होते.

आता स्वातीनं मोबाइल काढला. त्याच्यात एक बाई येवढ्या गोड आवाजात सांगते, "चला तर मंडळी, आज आपण कुकरमध्ये मसाला कुकीज करूया." कुकीज म्हनजे बिस्कुटच जी, फक्त महाग. शिट्टी काढाची, रबर काढाचं, आत मीठ टाकाचं अन् वर ताट. आमच्या स्वातीबाईनं शिट्टी काढली. रबर राह्यलं! कुकर तापला, अन् माय सपरीतून ओरडली, "टायर कोन जाळून राह्यलं वं? चौकात मोर्चा आहे का?" वरून मायनं विचारलं, "कशात करून राह्यले?" कुंदन बोलून गेला, "कुकरमध्ये, आजी." माय म्हने, "त्याच कुकरमध्ये ना, ज्याच्यात तू दिवाळीत चार अंडे उकडले अन् म्हनलं का बटाटे आहेत?" दिसत नाई बाईले, पन नाक! नाक आहे का काय आहे!

कुकर बाद.

दुसऱ्या दिवशी लोखंडाची कढई. त्याच्यात मीठ. मायले कळलं. "मीठ जाळून राह्यले? मीठ? ह्या घरात मीठ जाळतेत?" ते मीठ रीतानं मुकाट्यानं काढून ठेवलं. मिठाशिवाय बिस्कुटं ठेवली, त ती अशी झाली... आता काय सांगू... आमच्या शेजारचे डोमाभाऊ त्यातले चार घेऊन गेले अन् आपल्या बाजीच्या पायाखाली लावले. बाज हालत होती त्याइची. आता नाई हालत. मी नवरा मानूस, मले त खाऊन पाहाच लागलं. दाढ अजून ठनकते.

तुमी असते त सोडून देलं असतं. मी त सोडूनच देलं होतं. मी म्हनलं, "रीता, जाऊ दे वं. आपन कैलाशले सांगू, तो पाहून घेईन." ते म्हने, "कैलाशभाऊजी काय पाहून घेतीन? पदर पेटला तवा ते होते का?" 

अन् मंग शनिवारच्या बाजारात काय झालं, आयका. बाजारात सत्यभामा बसते, लाह्या-फुटाने भाजनारी. मोठी कढई, त्याच्यात तापलेली रेती, मूठभर धान टाकलं का चरचर चरचर लाही. आपन सगळे लहानपनापासून पाहून राह्यलो ना? रोज पाह्यतो, खातो अन् घरी जातो. पन रीता तिथं थांबली. पिशवी खाली ठेवली अन् सत्यभामाजवळ बसलीच. एक तास, दोन तास. भाजीवाले उठून गेले. मी आपला इकडे आलूची थैली धरून उभा. मले वाटलं दोघीइचं माहेर एक निघालं का काय! घरी येताना म्हने, "रेती मिठासारखी जळत नाई, अन् कढईसारखी एकदम चटका देत नाई. रेती सगळीकडून सारखी तापते. अन् सत्यभामाबाई तापली का नाई ते कशी पाह्यते मालूम आहे? एक दाना टाकते अन् मनातल्या मनात आकडे मोजते. तीनवर फुटला त जास्त तापली. दहावर फुटला त बरोबर." मानलं बाप्पा त्या बाईले! आपन चाळीस वर्षं लाह्या खाल्ल्या, दाना कितव्या आकड्यावर फुटते ते कधी मोजलं का?

रेतीत भाजाचं म्हनल्यावर मायबी थोडी नरमली, कारन माहेरच्या चुलीवर रेतीत भाजलेल्या लाह्या तिनं खाल्ल्या होत्या. पन विचारलंच, "रेती कोनती?" मी म्हनलं, शेजारी घर बांधून राह्यले, त्याइच्या ढिगातली. "सिमिट लागलं असन त्याले. नाई. कारध्याची पायजे. माझ्या माहेरची." अहो, पवनीले वैनगंगा आहे, कारध्यालेबी वैनगंगाच आहे, नदी एक, पानी एक... "नाई. कारध्याची रेती धुतलेली असते."

झालं! गेलो कारध्याले. नदीत उतरून चुंगडीभर रेती भरली अन् भंडाऱ्याहून यष्टीत बसलो. कंडाक्टर म्हने, "काय आहे याच्यात?" मी म्हनलं, रेती. तो पाहूनच राह्यला. म्हने, "अहो, लोकं ट्रकानं चोरतेत, तुमी चुंगडीनं चोरून राह्यले? घर बांधता का फोटोची फ्रेम?" मी म्हनलं, "बिस्कुटं कराची आहेत." त्यानं मंग काई विचारलं नाई. फक्त माझ्यापासून उलीसा दूर जाऊन उभा राह्यला. पवनीपर्यंत!

आता भांडं. अंडं न शिजलेलं भांडं घरात एकच होतं, अन् ते होतं मायचा गंज. गंज म्हनजे आपलं उभ्या काठाचं मोठं पातेलं, पितळेचं. मायच्या लग्नात तिच्या बापानं भंडाऱ्याच्या कासाराकडून खास करून घेतलेला, आत चांदीसारखी कल्हई, दर दोन वर्षानं माय स्वतः समोर बसून करून घेते. त्या गंजात फक्त दिवाळीचा पाक अन् नवसाची खीर. कोनाले हात लावू देत नाई. पन शब्द देला होता ना, "अंडं न शिजलेल्या भांड्यात कर." देला काढून. देताना दोनदा हात फिरवला त्याच्यावर.

रीतानं सगळं कसं केलं म्हनता! गव्हाचं पीठ, त्याच्यात आमच्याच धानाच्या तांदळाचं पीठ, गूळ, लोनकढं तूप. सुंठ, मिरे, वेलची, जायफळ, दोन लवंगा, सगळं खलबत्त्यात कुटलेलं. घरभर असा वास का डोमाभाऊ बाजीवरून उठून आले. गंजात चार बोटं रेती, त्याच्यावर कडं, कड्यावर ताटली, वरून झाकन, झाकनावर इस्तो. खाली जाळ. दाना टाकला, आकडे मोजले... अन् दहावर फुटला! बिस्कुटं ठेवली, निघाली ती अशी लालसर, हातात घेतली त हलकी. मी एक खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसऱ्याले हात घातला.

अन् तवा स्वाती ओरडली, "आई! रेतीत चांदी सापडली!"

चांदी? रेतीत चमचम करून राह्यले गोल गोल दाने. कुंदन म्हने, कारध्याच्या नदीत खजिना आहे! रीता आली, तिनं रेती बाजूले केली, गंजात पाह्यलं... अन् खालीच बसली. चांदी कुठची बावा! मायच्या गंजाची कल्हई वितळून खाली आली होती. कल्हईचं भांडं कोरडं जाळावर ठेवाचं नसते, हे आमच्याकडल्या लहान पोरीलेबी मालूम असते. रीताले नाई का मालूम? तिले मालूम होतं. पन डोक्यात बिस्कुट होतं ना! अठरा वर्षात पहिली चूक, अन् तेबी मायच्या गंजात.

मी काय केलं? मी आपलं पुरुषाच्या अकलेनं बोललो. हळूच म्हनलं, "रीता, बोलू नोको. माय उद्या बिस्कुट खाते, परवा गोंदियाले जाते. तिले कुठं दिसते? तवापर्यंत आपन कल्हई करून आनू." सांगा, काय वाईट होतं? रीतानं माझ्याकडे असं पाह्यलं, म्हने, "ज्या बाईले दिसत नाई तिलेच फसवाचं, अन् तेबी तिले दिसावं म्हनून?" अन् गंज उचलला, तसाच, काळा झालेला, अन् गेली मायसमोर. मी दाराच्या आड. मी काय समोर जातो का!

"आई, माझ्या हातून गंजाची कल्हई गेली."

मायनं हात पुढं केला. आतून बोटं फिरवली. खरबरीत लागलं. पुन्हा फिरवली.   तुमाले सांगतो, माय बोलली असती त बरं होतं, शिव्या देल्ल्या असत्या त बरं होतं, मले तिच्या शिव्याची सवय आहे. पन हे गप्प बसनं! मंग म्हने, "माझ्या बापानं देल्ला होता." रीता म्हने, "मले मालूम आहे आई. मले रागवा. पन गंजाले पुन्हा कल्हई होते. तुमच्या डोळ्याले नाई होत. म्हनून मी जाळला, असं समजा."

माय गंजावर हात ठेवून बसली. चुलीतलं लाकूड आपोआप विझलं तरी बसलीच होती. मंग नाकानं वास घेतला, म्हने, "जायफळ उशिरा टाकलं तू. पहिलेच तुपात टाकाचं." अन् थोड्या वेळानं, "गंज त गेलाच. आता त्याच्यात खुशाल जाळ. पन रेती बदलून आन, तिच्यात कथील गेलं. कारध्याचीच आन."

मानलं बाप्पा... आता ह्या बाईले मानावं का त्या बाईले, मलेच समजेना! पन कारध्याले कोनाले जा लागलं? मले! कंडाक्टर तोच! त्यानं पाह्यलं, हात जोडले, म्हने, "बसा बसा, बिस्कुटवाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी माय स्वतः चुलीजवळ येऊन बसली. पदर खोचून, कारन रीतानं पहिलेच खोचून देला. पीठ हातानं पाह्यलं, "सैल आहे, उलीसं पीठ घाल." बिस्कुटं थापली रीतानं, पन मधोमध अंगठा दाबला मायनं, एकेकावर. गंजावर झाकन पडलं. आता रीता आकडे मोजे अन् माय वास घे. रीता म्हने, "आई, अजून पाच मिनटं लागतीन." माय म्हने, "नाई. काढ. गूळ लागून राह्यला." झाकन काढलं. अशी बिस्कुटं! आनखी पाच मिनटं ठेवली असती त काळी झाली असती.

चहा झाला. सगळे बसलो. मी, स्वाती, कुंदन, डोमाभाऊ, अन् डोमाभाऊची बायको कुंताबाईबी कामं टाकून आली. तुमी म्हनान एवढे लोकं कायले? अहो, बिस्कुट नव्हतं ते, डोळे होते! मायनं बिस्कुट हातात घेतलं. चाचपलं. चहात बुडवलं. रीताकडे पाह्यलं मी, ते दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली होती. मायनं तोंडात घातलं. हिरडीनं दाबलं. डोळे मिटले. तसे ते मिटलेलेच, पन मिटले. कोनी हालेना. कुंदनचं बिस्कुट चहात पडलं, त्यानं काढलं बी नाई.

मायनं दुसरं घेतलं. तेबी बुडवलं. अन् मंग, चांगलं आहे नाई, वाईट आहे नाई, काईच नाई, फक्त म्हने, "मंग गाडी कितीची आहे?"

रीता उठून आत गेली. मी मागं गेलो. भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी म्हनलं, काय झालं वं? म्हने, "सुंठ डोळ्यात गेली." सुंठ! मले समजत नाई का?

गेलो जी गोंदियाले. मायच्या मांडीवर डब्बा, बत्तीस बिस्कुटं, मोजून. पन दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पाह्यतो त अठरा! बाजूच्या खाटेवर एक ललिताबाई होत्या आमगावच्या, त्याइले देल्ली, नर्सले देल्ली, झाडू मारनारीले देल्ली. अन् माय काय सांगून राह्यली होती ते मी पडद्यामागून आयकलं. "बाजारचे नाई जी हे. माझ्या सुनेच्या हातचे आहेत. याच्यापायी तिनं माझ्या बापानं देल्लेला गंज जाळला." अन् सांगताना आवाज असा, का जनू गंज जाळनारी सून फक्त हिलेच भेटली! अठरा वर्षात मायनं रीताचं तोंडावर कधी कौतुक केलं नाई. मी ते सगळं घरी फोन करून सांगतलं. रीतानं सगळं आयकलं. मंग म्हने, "डब्यात किती राह्यले? आनखी पाठवू का?"

तिसऱ्या दिवशी पट्टी काढाची होती. रीता सकाळच्या गाडीनं आनखी एक डब्बा घेऊन आली. डाक्टरनं पट्टी काढली, म्हने, "आजी, हळूहळू उघडा." मायनं उघडला. समोर मी उभा, कैलाश उभा, दोन दोन लेक! पन माय आमाले बाजूले सारून मागं पाह्यते. म्हने, "तू रीता व्हय?" "हौ आई." पाह्यतच राह्यली. मंग तिचा हात धरून जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला अन् म्हने, "केस कवा पिकले वं तुझे? मले कोनी सांगतलंच नाई." रीता रडून राह्यली अन् हासूनबी राह्यली, म्हने, "तुमीच पिकवले." अन् दोघी अशा हासल्या का नर्स धावत आली, "आजी, डोळ्याले जोर देऊ नका!" मी खिडकीतून बाहेर पाहून राह्यलो होतो. तिकडे पाहाले काई नव्हतं, तरी.

मानलं बाप्पा त्या बाईले! मनापासून मानलं. तीन वर्षं आमी दोघं भाऊ जे करू शकलो नाई, ते सातवी पास बाईनं चुंगडीभर रेतीत करून दाखवलं.

पन आता माझं काय झालं, ते कोनी विचारत नाई! मायले दिसाले लागलं. सगळं दिसाले लागलं! घरी आल्या आल्या छताचे जाळे दिसले, मी काढले. कुंदनच्या वहीवरचे लाल गोळे दिसले, त्याले मार पडला. अन् चौथ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता माय माझ्याकडे टक लावून पाह्यते. म्हने, "टेकचंद, इकडे ये. तोंड उघड." पन्नाशीचा मानूस मी, माजी सदस्य! पन उघडलं. मायनं पाह्यलं. तीन वर्षांपासून मी तिले सांगून राह्यलो होतो का तंबाखूचा खर्रा सोडला म्हनून. म्हने, "हे दात कायनं असे झाले? धानाच्या भुशानं?" खिशात हात घातला, पुडी काढली अन् चुलीत टाकली. त्या दिवसापासून खर्रा बंद! पन तोंड चालवाची सवय, तोंड कसं रिकामं ठेवाचं? म्हनून आता खिशात हे ठेवतो, हे बिस्कुट, सुंठेचं. घ्या ना, घ्या एक. तोंड उलीसं पोळते, पन पर्याय नाई.

अन् जी, हा त एकच डोळा झाला... दुसऱ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.